कारगिलच्या चढासाठी शिपाई पारखताना

१९९९ सालचा भारतीय जवान मिनिएचर फिगरच्या, म्हणजे टेबलावरच्या युद्धखेळातल्या छोट्या शिपायांच्या बाजारात शोधायला गेलात, तर हाती फारसं काही लागत नाही. दुसऱ्या महायुद्धातले पगडीवाले शिपाई मिळतात, व्हिएतनाममधले अमेरिकन मिळतात, फॉकलंड युद्धातले ब्रिटिश मिळतात. डोक्याला पटका आणि हातात भारतीय लष्कराची इन्सास रायफल असलेला जवान मात्र मला कुठे दिसला नाही. त्यामुळे परक्या सैन्यांच्या फिगर आणायच्या आणि त्यांतून आपल्याला चालतील अशा निवडायच्या, एवढाच रस्ता उरला. त्या निवडीला गेल्या वर्षीचा फेब्रुवारी ते दिवाळी एवढा काळ गेला. कोणी याच वाटेने निघालं असेल, तर त्याचे पैसे आणि हेलपाटे वाचावेत म्हणून सगळं तारीखवार लिहिते आहे.

आधी थोडी ओळख. मी भोसरीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर नमुने मोजायचे, पास किंवा रिजेक्ट करायचे. रविवारी आम्ही काही जण चिंचवडला एका मित्राच्या घरी टेबलावरचे युद्धखेळ खेळतो : फासे, मोजपट्टी, थर्माकोलचे डोंगर आणि छोटे शिपाई. फेब्रुवारीत ठरलं की पुढचा खेळ कारगिलसारख्या उंचीवरच्या रात्रीच्या हल्ल्याचा करायचा. प्रत्येक खेळाडूकडे दहा जणांचं एक सेक्शन, वर संगरांत, म्हणजे दगड रचून केलेल्या आडोशांत, बसलेले प्रतिस्पर्धी.

कारगिलमधलं तोलोलिंग शिखर १३ जून १९९९ला घेतलं, टायगर हिल ४ जुलैला. हे सगळं फार जुनं नाही. तिथे गेलेल्यांची घरं आपल्याच आसपास आहेत. म्हणून पहिल्याच बैठकीत ठरवलं, की डोंगर काल्पनिक असेल, कुठल्याही खऱ्या पलटणीचं नाव येणार नाही आणि कोणा खऱ्या माणसाची फिगर करायची नाही. यावर वाद झाला, एक जण थोडा नाराजही झाला. माझं मत आजही तेच आहे.

फिगर निवडायची जबाबदारी माझ्यावर आली. नमुने तपासणं हा माझा धंदाच, त्यामुळे नाही म्हणायला जागा नव्हती.

सुरुवात स्केलपासून करावी लागते. इथे नवखा माणूस हमखास गोंधळतो, कारण दोन वेगळ्या मोजण्या एकाच दुकानात शेजारी मांडलेल्या असतात. एक प्रमाण : १/७२, १/५६, १/१००. दुसरी उंची : २० मिमी, २८ मिमी, १५ मिमी. १७० सेंटिमीटरचा माणूस १/७२ला साधारण २३.६ मिमी होतो, १/५६ला ३०.४ आणि १/१००ला १७. मग २८ मिमी म्हणजे नेमकं काय? बरेच उत्पादक तळव्यापासून डोळ्यापर्यंत मोजतात, टाळूपर्यंत नाही. शिवाय '२० मिमी' म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक फिगर प्रत्यक्षात १/७२च्या जवळपास, म्हणजे २३-२४ मिमीच्या असतात. दिवाळीच्या किल्ल्यात महाराज दरवाज्यापेक्षा उंच असले तरी कोणाची तक्रार नसते. इथे मात्र एकाच सेक्शनमध्ये दोन मिलिमीटरचा फरक पडला की एक जण दुसऱ्याचा मोठा भाऊ वाटायला लागतो.

टेबलाचा हिशोबही करा. आमचं टेबल सहा फूट लांब. १/५६ धरलं तर ते प्रत्यक्षातलं जेमतेम १०२ मीटर होतं, १/७२ला १३२ मीटर, १/१००ला १८३. रात्रीच्या चढाईत शेवटचे शंभर-सव्वाशे मीटर हाच सगळा खेळ असल्यामुळे पहिली दोन्ही स्केल चालणार होती. १५ मिमीवर मी वेळ घालवला नाही. त्यात रणगाडे शोभतात, आमच्या डोंगरावर रणगाडे नव्हते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात नमुने मागवले. २८ मिमीत आधुनिक सैनिकांसाठी एम्प्रेस आणि स्पेक्टर, २० मिमी धातूत एल्हीम, १/७२च्या मऊ प्लास्टिकमध्ये सीझर या कंपन्यांची नावं या छंदात सतत कानावर येतात. हे सगळे बाहेरच्या देशांतले. मी इंग्लंडमधल्या दोन विक्रेत्यांकडून धातूच्या फिगर मागवल्या : २८ मिमीच्या आठ आणि सुट्या डोक्यांचं एक पाकीट, शिवाय २० मिमीचं एक छोटं पाकीट. मऊ प्लास्टिकचा चाळीसेक शिपायांचा डबा भारतातल्याच दुकानातून ऑनलाइन आला, बाराशे रुपयांना. चौथा नमुना पुण्यातच रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंटिंग करणाऱ्या एका मुलाकडून : फाइलचे पैसे वेगळे, छपाई नगाला १२० रुपये.

२० मिमीचं पाकीट साध्या पोस्टाने तीन-साडेतीन आठवड्यांत घरी आलं. पोस्टमनने शुल्काची पावती दिली, रोख पैसे घेतले, सही घेतली. काम संपलं.

२८ मिमीचं पार्सल कुरिअरने येत होतं, ते अडकलं. ओळखपत्राची कागदपत्रं मी आधीच अपलोड केली होती. नंतर ईमेल आला : मालाचं स्वरूप स्पष्ट करा. इन्व्हॉइस उघडून पाहिलं तर विक्रेत्याने त्याच्या कॅटलॉगमधली नावं जशीच्या तशी उतरवली होती : 'रायफल स्क्वॉड, १', 'मशीनगन टीम, १'. वजन धातूचं. एक्स-रेमध्ये काय दिसलं असेल देव जाणे, पण कागदावर मी चिंचवडला मशीनगन मागवत होते.

पुढचा प्रश्न खेळण्यांचा निघाला. १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणपत्र सक्तीचं आहे आणि त्या आदेशात खेळणं म्हणजे १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळण्यासाठीची वस्तू. मी एक पानी खुलासा लिहिला : न रंगवलेल्या धातूच्या लघुमूर्ती, उंची सुमारे ३ सेंटिमीटर, प्रौढांच्या छंदासाठी, १४ वर्षांखालच्या मुलांसाठी नाहीत, संख्या आठ, वैयक्तिक वापर, विक्रीसाठी नाही. सोबत विक्रेत्याच्या पानाचा स्क्रीनशॉट, ज्यावर वयाची सूचना होती, आणि शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला तशाच फिगरचा फोटो. माझ्या मते त्या फोटोने जास्त काम केलं. एप्रिल संपता संपता पार्सल सुटलं.

खर्चाबद्दल दोन गोष्टी. शुल्क फक्त मालाच्या किमतीवर लागत नाही, वाहतूक आणि विमा धरून येणाऱ्या रकमेवर लागतं. म्हणजे महाग कुरिअर निवडलंत की त्या भाड्यावरही कर. आणि 'गिफ्ट लिहून पाठव' हा सल्ला अजूनही फिरतो. पाच हजारांपर्यंतच्या भेटवस्तूंची सवलत डिसेंबर २०१९मध्येच बंद झाली, राखीसारखे मोजके अपवाद सोडून. माल, भाडं, शुल्क आणि कुरिअरचा हाताळणी आकार मिळून माझा २८ मिमीचा एक शिपाई आठशे रुपयांच्या घरात पडला. प्लास्टिकचा तीस रुपयांना. हे दोन आकडे पुढे वाचताना लक्षात असू द्या.

मे महिन्यात तपासणी सुरू केली. व्हर्नियर, भिंग, टेबललॅम्प आणि कारखान्यातल्यासारखा तक्ता. पहिल्या रविवारी भिंगाखालून पाहिलेले निकाल असे की २८ मिमीचे धातूचे शिपाई देखणे. चेहऱ्यावर भाव, खिशांना झाकणं, बुटांना लेस. साच्याची रेघ मात्र दोघांच्या गालावरून गेलेली, आणि डोकी-हात खऱ्या प्रमाणापेक्षा मोठे. हे मुद्दाम केलेलं असतं, लांबून चेहरा दिसावा म्हणून. २० मिमीचे अंगाने सडसडीत, प्रमाण चांगलं. रेझिनचे तपशिलात सगळ्यांच्या पुढे, पण जिथे छपाईचे आधार तोडलेले त्या गुडघ्यांवर आणि कोपराखाली खड्डे. मऊ प्लास्टिकच्या बऱ्याच जणांच्या बंदुका केळीच्या पानासारख्या वाकलेल्या.

वाकलेली बंदूक सरळ करता येते : फिगर गरम पाण्यात थोडा वेळ बुडवा, चिमट्याने नळी सरळ धरा आणि तशीच थंड पाण्यात घाला. बहुतेकदा टिकते. धातूची नळी एकदा वाकवून सरळ होते, दुसऱ्यांदा तुटायची तयारी ठेवा. जुन्या धातूच्या फिगरमध्ये शिसं असू शकतं, तेव्हा कानस ओल्या कापडावर चालवा, हात धुवा आणि लहान मुलांना लांब ठेवा. रेझिन विकत घेताना बोटाला चिकट लागलं किंवा उग्र वास आला तर परत द्या, ते पुरतं पक्कं झालेलं नसतं.

मग शस्त्रांचं गणित मांडलं, आणि तक्त्यातला हा रकाना मला सगळ्यात जास्त आवडला. इन्सास ९६० मिमी लांब. एकेएम, म्हणजे एके-४७ची सुधारित आवृत्ती, ८८०. १/५६ला दोन्हींत फरक पडतो जेमतेम दीड मिलिमीटरचा, १/७२ला त्याहून कमी. इन्सासची ठेवणही बरीचशी एके घराण्यातली. म्हणजे एके धरलेला शिपाई टेबलावर इन्सासवाला म्हणून खपतो. शिवाय कारगिलमध्ये आपल्याकडेही एके होत्याच. उलट फॉकलंडमधल्या ब्रिटिशांच्या हातातली एसएलआर रायफल ११४३ मिमीची, १/५६ला वीस मिलिमीटरच्या वर. ती लांबून ओळखू येते. ते शिपाई १९७१च्या खेळाला छान, १९९९ला नाहीत. याच हिशोबाने अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत सैनिकांच्या फिगर आम्हाला जवळच्या ठरल्या : एके, जाड कोट, डोंगरात वावरण्याची ठेवण.

इथे एक जरा तांत्रिक गोष्ट. बंदुकीची नळी खऱ्या प्रमाणात ओतायची म्हटली तर १/५६ला ती सुमारे पाव-अर्धा मिलिमीटर जाडीची होईल. ती धातूत ओतली जाणार नाही आणि ओतली तरी पहिल्या स्पर्शाला जाईल. म्हणून 'नळी जाड आहे' ही तक्रार मी तक्त्यातून काढून टाकली.

तोपर्यंत माझ्या गुणांत २८ मिमीचे धातूवाले पहिले होते. मग ज्याच्या घरी आम्ही खेळतो त्या मित्राचे वडील, आबा, मध्ये आले. आबा साताऱ्याकडचे, सुभेदार म्हणून निवृत्त, नव्वदच्या दशकात काश्मीरमध्ये होते. आमच्या खेळाकडे ते एरवी फिरकत नाहीत. त्या रविवारी चहा घेऊन टेबलापाशी आले आणि लांबूनच म्हणाले, "ह्यो का हुबा हाय?"

माझा सगळ्यात देखणा शिपाई. पाय रोवून, छाती काढून, खांद्याला बंदूक लावून उभा.

"आबा, तो फायर करतोय."

"चढावर असा हुबा ऱ्हायला तर त्यो फायर न्हाई करनार, त्याच्यावर हुईल. आनि पाठीवर काय न्हाई त्याच्या. पानी कुठंय? कांबळं कुठंय?"

भिंग त्यांनी हातात घेतलंच नाही. तीनेक फुटांवर उभे राहून त्यांनी प्लास्टिकच्या डब्यातले सात-आठ बाजूला काढले : वाकून पळणारे, एका गुडघ्यावर टेकलेले, पोटावर झोपलेले, एक जण दोरी धरल्यासारखा हात वर केलेला. चेहऱ्यांचा पत्ता नव्हता, दोघांना तर डोळेच नव्हते. "हे चढतील," म्हणाले. नंतर त्यांनी मला उंचीवर मोजे सुकवण्याचे हाल बराच वेळ सांगितले, ज्याचा फिगरशी संबंध नव्हता, पण चहा दुसऱ्यांदा झाला.

मी तक्ता फाडला नाही. फक्त त्यात अंतराचा रकाना घातला. प्रत्येक फिगर एक मीटरवरून पाहायची आणि तीनच प्रश्न विचारायचे : काय करतोय ते कळतं का, हातात काय आहे ते कळतं का, कोणत्या बाजूचा आहे ते कळतं का. टेबलाशी उभा असलेला खेळाडू फिगर याच अंतरावरून बघतो. भिंगाखाली मिळवलेले गुण विक्रेत्याच्या फोटोत चमकतात आणि टेबलावर विरघळून जातात. नव्याने गुण दिले तेव्हा २८ मिमीच्या आठांपैकी तीन राहिले. २० मिमीचे जवळजवळ सगळे पास झाले. प्लास्टिकच्या डब्यातले निम्मे. उरलेल्या निम्म्यांत खंदकात उभे राहणारे, परेड करणारे, आणि एक रेडिओवर बोलता बोलता मागे वळून पाहणारा, ज्याचं काय करावं ते मला अजून कळलेलं नाही.

बाजू ओळखण्यासाठी डोकं महत्त्वाचं. पटक्यात कपाळ आणि कानशिलांभोवती जाड पट्टी असते, वर नुसतं कापड, त्यामुळे डोक्याचा आकार वरून बसका दिसतो. हा एकच आकार जमला की फिगर भारतीय दिसायला लागते. परदेशी पुट्टी महाग पडते, मी एम-सील वापरलं. दोन्ही भाग मळून बारीक वळी करायची, लोकरी टोपी घातलेल्या डोक्याभोवती गुंडाळायची, ओल्या काडीने दाबून चपटी करायची. वीसेक मिनिटांत आकार देऊन मोकळं व्हा, नंतर ते ऐकत नाही. त्याची पोत भरड आहे, चेहरा किंवा बोटं घडवायला उपयोग नाही, पट्टीला उत्तम. काहींना माकडटोपीच ठेवली. एका सेक्शनला महायुद्धाच्या फिगरसाठी मिळणारी पगडीची सुटी डोकी लावली. मान कापून बारीक ड्रिलने भोक, त्यात तारेचा तुकडा, फेविक्विक.

जूनमध्ये वाहतुकीची परीक्षा. चारही प्रकारचे नमुने एका डब्यात घालून रिक्षाने चिंचवडहून हडपसर आणि परत. पुण्यातल्या पावसाळ्यातल्या रस्त्यांहून खडतर कंपन-चाचणी आमच्या कारखान्यातही नाही. रेझिनच्या दोन नळ्या आणि एक मनगट गेलं. धातूवाल्यांच्या कोपऱ्यांचे टवके. प्लास्टिकला काही झालं नाही, होणारही नव्हतं.

बेससाठी, म्हणजे फिगरच्या पायाखालच्या चकतीसाठी, नाणी वापरू नका. कॉइनेज ॲक्ट, २०११ आहे, आणि तसंही हार्डवेअरच्या दुकानातलं वायसर (वॉशर) स्वस्त पडतं. एम-१०चं वायसर बाहेरून २० मिमीचं, १/७२ला नेमकं. एम-१२चं २४ मिमीचं, २८ मिमीच्या फिगरला थोडं तंग पण चालतं. डब्याच्या तळाला चुंबकाची शीट लावली की शिपाई हलत नाहीत.

जुलैमध्ये रंगकामाची चाचणी घेतली. भर पावसात स्प्रे प्रायमर मारू नये, दमट हवेत पृष्ठभाग खडबडीत पांढुरका होतो. ब्रशने लावायचा प्रायमर घ्या. मऊ प्लास्टिक आधी भांड्याच्या साबणाने धुवा, नाहीतर साच्याचं तेल रंग धरू देत नाही. धुऊनही बंदुकीवरचा रंग वाकवल्यावर निघतोच. यावर पातळ केलेल्या फेविकॉलचा एक हात आधी आणि एक हात शेवटी, हा उपाय बऱ्यापैकी टिकला. पांढऱ्या बर्फाच्या कपड्यांतला शिपाई वीस मिनिटांत होतो : करडा, त्यावर पांढरा ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने), बूट आणि बंदूक काळी. ठिपक्या-पट्ट्यांच्या गणवेशाला तिप्पट वेळ. एक मीटरवरून त्या पट्ट्या हिरवट-तपकिरी धूसर दिसतात, त्यामुळे मी दोनच रंगांवर थांबले.

ऑगस्टमध्ये निर्णय झाला : १/७२. गाभा प्लास्टिकचा. सेक्शन कमांडर, एलएमजीवाला (हलकी मशीनगन धरणारा) आणि ८४ मिमी रॉकेट लाँचरवाला धातूचे, कारण हे खेळाडूच्या हातात वारंवार जातात आणि चटकन ओळखू यायला हवेत. रेझिन फक्त जिथे दुसरं काही मिळत नाही तिथे. २८ मिमीचे आठही जण माझ्या कपाटात, कामावरून आल्यावर बघायला बरे वाटतात. तीन सेक्शनचा सगळा खर्च, डबा, धातूची पाकिटं, शुल्क, वायसर, रंग मिळून साडेसहा हजारांच्या आसपास गेला. हे सगळं २८ मिमीत केलं असतं तर नुसत्या फिगरच चोवीस हजारांच्या झाल्या असत्या. नमुन्यांचा खर्च वेगळा, तो मी सगळ्यांत वाटून घेतला. तुम्हीही घ्या, आणि आधीच सांगून घ्या.

दिवाळीच्या सुट्टीत पहिला खेळ झाला. दिवे मंद केल्यावर पांढऱ्या कपड्यांतले शिपाई थर्माकोलच्या बर्फावर दिसेनासे झाले, म्हणून मध्येच थांबून वायसरच्या कडांना सेक्शनप्रमाणे लाल, पिवळा, निळा रंग दिला. वरच्या बाजूचं सैन्य अजून तात्पुरतं आहे. तिथे जी-३ रायफलवाले हवेत. ती १०२५ मिमीची, म्हणजे १/७२ला १४ मिलिमीटरच्या थोडी वर. एकेच्या शेजारी ठेवली तर दोन मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळतो. त्यांची ऑर्डर जानेवारीत दिली. या वेळी पैसे भरण्याआधी विक्रेत्याकडून इन्व्हॉइसचा मसुदा मागवला आणि मालाचं वर्णन 'न रंगवलेल्या धातूच्या लघुमूर्ती, प्रौढांच्या छंदासाठी' असं लिहून घेतलं, नगसंख्या आणि किंमत खरी. पार्सल अजून वाटेत आहे.